रिसीव्हरमधली सरळ वायर

बाबा, तुमचा स्टीरिओ रिसीव्हर अजून चालतो. पुढच्या पट्टीवरची चांदी बोटांच्या जागी उडालीय, डायलमागचा हिरवा दिवा गेलेला तो मी बदलला, बाजूच्या लाकडाला आई अजून खोबरेल तेलाचा हात फिरवते. स्पीकर मात्र तुम्ही गेल्यावर लगेच विकले. ते दोन काळे डबे कोपऱ्यात गप्प बसलेले तिला बघवत नव्हते. म्हणजे आता या यंत्रातून आवाज बाहेर पडायला एकच वाट आहे, खाली डावीकडचं हेडफोनचं भोक. हेडफोन तुमचेच, ते जड, पिळाच्या वायरचे. कानाच्या गाद्या फाटल्यात, मी त्यावर जुन्या टेरिकॉटच्या पँटचं कापड शिवलंय. लावले की दाबून बसतात, कोणीतरी मागून येऊन दोन्ही हातांनी कान धरावेत तसे.

रिसीव्हर घरी आला तो दिवस मला आठवतो. मामांच्या ओळखीतला एक जण मस्कतहून कायमचा परत आलेला, त्याच्याकडून तुम्ही तो जुनाच घेतला आणि ठाकुर्ली स्टेशनवरून हमालासारखा खांद्यावर आणलात. आई दारातच उभी. "घरात फ्रिज नाही आणि हे धूड कशाला?" तुम्ही घाम पुसत म्हणालात, "फ्रिज गातो का?" पहिल्याच रविवारी समोरच्या काकू आल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं गाणं छान आहे हो, पण आमच्या पातेल्यांवरची झाकणं नाचतायत." आई लाजेने मेली. तुम्ही मात्र खरंच गोंधळलेले दिसलात, कारण तुमच्या मते आवाज बेताचाच होता. मग तुम्ही लॅमिंग्टन रोडवरून हेडफोन आणलेत. मला शेजारी बसवून समजावलंत की वॉकमन दोन सेलवर चालतो, त्याची ताकद ती किती. इथे खोली हलवायला जी ताकद लागते ती सगळी हेडफोनच्या या दोन वाट्यांच्या मागे उभी असते. "मग कान फुटत नाहीत?" मी विचारलं. तुम्ही अंगठ्याचं नख दाखवलंत. "आत एवढे दोन रेझिस्टन्स असतात. ते सगळं अडवतात आणि कानाला झेपेल तेवढंच सोडतात." मला ते फार आवडलेलं. दारावर बसलेल्या दोन बुटक्या वॉचमनसारखे ते मला दिसायचे.

तुम्हाला कमी ऐकू येतं हे घरात कोणी म्हणत नव्हतं. वागळे इस्टेटच्या त्या प्रेस शॉपमध्ये दिवसभर पत्रे ठोकून तुम्ही यायचात, कानातला कापूस काढून खिशात ठेवायचात, आणि आई काहीही म्हणाली तरी "हो, हो" म्हणायचात. पीठ संपलंय, हो. नळाला पाणी नाही, हो. एकदा ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून बराच वेळ काहीतरी बोलत राहिली, मग वळून म्हणाली, "तुमच्यापेक्षा भिंत बरी, ती निदान खोटं हो म्हणत नाही." तुम्ही तेव्हाही हसून हो म्हणालात. मी खो खो हसलो. आता हसू येत नाही. आता मला कळतं की त्या हसण्यामागे तुम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतात, चेहरा रागाचा आहे की गमतीचा हे ओळखायला. मी हल्ली तेच करतो.

आणि ती एक थप्पड. तुम्ही मला आयुष्यात एकदाच मारलंत. रविवार, सकाळची वेळ, आई वाटण वाटतेय, तुम्ही हेडफोन लावून पलंगावर मांडी घालून बसलायत. गॅसवाला आला म्हणून तुम्ही उठलात, हेडफोन उशीवर टाकून. त्यातून बारीक गाणं ऐकू येतंय, मी उचलून डोक्यावर चढवतो. आवाज नव्हता तो, खिळा होता. मी ओरडलो की नाही आठवत नाही, तुम्ही धावत आलात ते आठवतं. हेडफोन ओढून काढलात आणि सणसणीत लावलीत. मग लगेच माझं डोकं पोटाशी धरलंत. "आधी बटण शून्यावर. मग कान. परत न विचारता हात लावलास तर तोडून टाकीन." आई म्हणाली, "अहो, गाणंच तर ऐकत होता, एवढं काय." तुमचा चेहरा पांढरा पडलेला. एवढ्याशा गोष्टीला बाबा इतके का घाबरले, हे मला त्या दिवशी कळलं नाही. बरीच वर्षं कळलं नाही.

मी नववीत असताना तुम्ही गेलात. कंपनीची बस शीळफाट्याला चहासाठी थांबलेली, तुम्ही खाली उतरलेले, मागून ट्रक रिव्हर्स येत होता. क्लीनर ओरडत होता, ट्रकची पाठ थोपटत होता, बसमधले सगळे ओरडत होते. तुमच्या सोबतचे एक काका घरी येऊन सांगत होते, "अहो वहिनी, आम्ही एवढे बोंबललो, यांनी मान पण वळवली नाही." ते गेल्यावर तिने चहाचे कप उचलले, धुतले, पालथे घातले. लोकांना ती अजून ट्रकचा ब्रेक फेल झालेला म्हणून सांगते. मी तिला कधी टोकलं नाही.

कॉलेज मी सोडलं हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. दुसऱ्या वर्षाला, कल्याणला. प्रॅक्टिकलला सर मागून काहीतरी म्हणाले, मी हललो नाही, ते पुढे येऊन म्हणाले, "बहिरा आहेस का रे?" पोरं हसली. मी स्टूल उचलून आपटलं, सरांची कॉलर धरली. प्रिन्सिपॉल म्हणाले माफी माग, मी म्हटलं मागत नाही, आणि बाहेर पडलो ते परत गेलोच नाही. आई रडली. म्हणाली, "हा राग कोणाचा घेतलास तू? तुझ्या बापाला तर कधी आला नाही." तेव्हा मला वाटलं मी स्वाभिमानी आहे. सर त्याआधी तीनचारदा हाक मारून दमलेले, हे एका मित्राने मला खूप नंतर सांगितलं.

मग वर्तकनगरला एका कॅसेटच्या दुकानात लागलो. लोक गाणी सांगतात, आम्ही कोऱ्या कॅसेटवर भरून देतो. काम जास्त झालं की मी घरी आणतो, दोन डेक तुमच्या रिसीव्हरला जोडतो, हेडफोन लावून भरत बसतो. एक मुलगी यायची. चर्चच्या क्वायरमध्ये गाते, त्यांच्या सरावाची एक कॅसेट होती तिच्या कॉप्या हव्या होत्या. ती पहिल्यांदा आली तेव्हा मी हिशेबात चुकलो, दुसऱ्यांदा आली तेव्हा पेन पाडलं, आणि शेठ मोठ्याने म्हणाले, "हिरो, कॅसेट तिला द्यायचीय, हात नाही." ती हसली नाही, पण जाताना वळून बघितलं. तेवढ्यावर मी आठवडाभर जेवलो नाही म्हणा ना. तिच्या घरचे काय म्हणतील, आई काय म्हणेल, सगळं माहीत होतं. पण कॅसेटमध्ये एका गीताला सगळे थांबतात आणि ती एकटी वर जाते. ते मी घरी हेडफोनवर परत परत ऐकायचो. नीट ऐकू यावं म्हणून बटण थोडं पुढे. मग आणखी थोडं. तुमच्या यंत्राचं हेच आहे, ते कधीच "बस" म्हणत नाही, त्याच्याकडे ताकद उरलेलीच असते.

कॉप्या दिल्यावर दोन दिवसांनी ती परत आली. "अरे, यात शिट्टी कसली वाजतेय?" मी म्हटलं, शिट्टीबिट्टी काही नाही, मी स्वतः ऐकून दिलीय. ती म्हणाली, "सगळ्या कॅसेटवर आहे. फादरनी पण कान झाकले." दुकानात गिऱ्हाईकं उभी. माझं डोकं फिरलं. "तुमचा टेप खराब असेल, आम्हाला शिकवू नका," असं मी तिला म्हणालो, बाबा, तिला. शेठनी शांतपणे कॅसेट घेतली, दुकानाच्या मशीनमध्ये लावली आणि लगेच तोंड वाकडं केलं. "आईशप्पथ. सुईच टोचतेय कानात." दुकानातले सगळे त्या शिट्टीने कसनुसे झालेले मला दिसत होते. मी स्पीकरला कान लावून उभा राहिलो. मला गाणं ऐकू येत होतं, टेपची घरघर ऐकू येत होती, शिट्टी ऐकू येत नव्हती. शेठ काहीतरी बोलले, मी म्हणालो, "हो, हो." आणि ते तोंडातून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. तो आवाज तुमचा होता.

ती बाहेर थांबलेली. मला वाटलं आता बोलणार, चांगलं झापणार. ती म्हणाली, "तू नेहमी उजवा कान पुढे करतोस. मला वाटायचं भाव खातोस."

दुसऱ्या दिवशी मी रिसीव्हर उघडला. शिट्टीचं कारण सापडलं, एका वायरवरची बाहेरचे सिग्नल अडवणारी जाळी सुटलेली, शेजारच्या टीव्हीची शिट्टी आत शिरत होती. ते सोपं होतं. मग हेडफोनच्या भोकामागे बघितलं. तिथे दोन रेझिस्टन्स असायला हवेत. त्यांच्या जागी त्यांचे कापलेले पाय होते, आणि एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत सरळ तांब्याची वायर. दोन्ही बाजूंना. टाका जाडा, वेडावाकडा, तुमचाच. आईच्या मिक्सरवर असाच टाका आहे. तुम्हाला गाणं कमी ऐकू यायला लागलं तेव्हा तुम्ही डॉक्टरकडे गेला नाहीत, आईला सांगितलं नाही. दोघं वॉचमन हाकलून दिलेत आणि दार उघडं टाकलंत. ती थप्पड त्या दारासाठी होती. आणि तुम्ही गेल्यापासून मी रोज त्याच दारात कान घालून बसलोय. मला राग आला, खूप आला, पण कोणाची कॉलर धरणार. मग नुसती भीती उरली. आता ती जातच नाही. रस्ता ओलांडताना मी वेड्यासारखा मागे बघत राहतो. घरात आई मागे येऊन उभी राहिली की दचकतो आणि तिच्यावरच ओरडतो. कुकरची शिट्टी होण्याआधी जो सूं आवाज येतो तो माझ्या डोक्यात दिवसभर चालू असतो, शिट्टी काही होत नाही.

त्या क्वायरवाल्या मुलीला मी सगळं सांगितलं. उपवनच्या तळ्याकाठी चालत होतो, ती माझ्या डाव्या हाताला. सांगून झाल्यावर ती थांबली, मागून वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला आली आणि पुन्हा चालायला लागली. मग म्हणाली, "ते हेडफोन परत लावायचे नाहीत. शपथ घे."

"कोणाची?"

"तुमच्यात आईची घेतात ना?"

"आईची नको. बाबांची घेतो."

"ते तर गेलेत ना रे."

"म्हणूनच. त्यांना आता काय होणार."

तिला हसू आलं, मलाही आलं. पुढच्या आठवड्यात ती मला कानाच्या डॉक्टरकडे नेणार आहे. शेठना सांगावं लागेल, काम जाईल. तरी ती म्हणते, जे उरलंय ते तर उरेल. ती उजव्या बाजूने चालते तेव्हा मला तिचं बोलणं जवळजवळ सगळं ऐकू येतं. माझ्याकडे राखायला तेवढंच आहे, आणि तेही जाईल याची मला भीती वाटते.

म्हणून मी काल ठाण्याहून दोन रेझिस्टन्स आणले. हेडफोन मी लावणार नव्हतोच, पण ते भोक उघडं नको, उद्या कोणी दुसरं लावेल. आज दुपारी आई भिशीला गेल्यावर रिसीव्हर उघडला, सोल्डरिंग आयर्न तापायला लावलं. तापेपर्यंत वेळ होता. मनात आलं, एकदा हे बसवले की तिचा तो वरचा सूर मला या यंत्रातूनही कधी ऐकू येणार नाही. फक्त एकदा, म्हणून हेडफोन चढवले आणि कॅसेट लावली. सगळे थांबतात, ती एकटी वर जाते, आणि एका जागी तिचा आवाज हरवतो, ती मला दिसेनाशी होते. मी बटण पुढे नेलं. दिसली नाही. आणखी पुढे नेलं. गाद्यांवरचं कापड कानाला थरथरताना कळत होतं, आणि ती अजून वरच होती कुठेतरी.

आई आलेली मला कळलं नाही. तिने समोर येऊन हात धरला तेव्हा सोल्डरिंगने चादरीला भोक पडलेलं. ती काही विचारत होती, मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

बाबा, तुमची शपथ मोडली. जिने ती घ्यायला लावली तिला हे मी सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगतोय, कारण तुम्ही कोणाला बोलणार नाही. रेझिस्टन्स अजून खिशातच आहेत.