पेपरात गुरुवार नव्हता

३ फेब्रुवारी, मंगळवार
पाठवला! अकरावा खर्डा. साठवणीतल्या तुरीवरच्या दोन बुरश्या, त्यांच्या वाढीची तुलना, नऊ पानं. गाइड मॅडमनी शेवटपर्यंत सोडलं नाही. "तुमच्या वाक्यांना धाप लागते. मधे बसू द्या त्यांना." दहाव्या खर्ड्यावर मात्र नुसतं 'बरं' लिहिलं होतं. मॅ.चं 'बरं' म्हणजे इतरांचं पेढे वाटणं.
यवतमाळहून बाबांचा फोन. "मंग, छापून आलं का तुयं?" म्हटलं, आत्ता कुठे पाठवलाय. जूनच्या आत स्वीकारला गेला तरच प्रबंध यंदा देता येईल, नाहीतर आणखी एक वर्ष. ते हे सगळं ऐकून "बरं, जेवली का?"

५ फेब्रु., गुरुवार
डबा लॅबमध्ये राहिला होता, म्हणून गेले. एरवी गुरुवारी कुणी फिरकत नाही, दुरुस्तीसाठी लाईट बंद. शेलारकाका होते, आमचे लॅब अटेंडंट. इनक्युबेटरच्या पेटीच्या काचेतून आतल्या थर्मामीटरवरचं तापमान बघत होते.
"किती आहे, काका?"
"तेवीस. गुरुवारचं असंच हाय."
मी पेपरात लिहिलंय, सगळे नमुने सलग सात दिवस अठ्ठावीस अंशांवर ठेवले. सलग! सात दिवसांत एक गुरुवार येतोच, हे पहिलीतलं पोरही सांगेल.
आणि मला माहीत नव्हतं असंही नाही. चार वर्षं दर गुरुवारी बिबवेवाडीच्या खोलीवर कपडे धुतेय मी. पण ते वाक्य माझं नव्हतंच, आधीच्या मुलाच्या प्रबंधातून उचललेलं. सगळेच उचलतात. पेपरच्या इंग्रजीत गुरुवार नसतोच.

६ फेब्रु.
सांगू की नको? परीक्षक बसणार कुठल्या तरी देशात, त्यांना काय कळतंय पुण्याची लाईट कधी जाते. गप्प बसले तर जून गाठता येतो. मॅ.च्या दारापर्यंत दोनदा गेले, दोनदा पाणी पिऊन परत. भित्री भागूबाई.

७ फेब्रु., शनिवार
ग्रंथालयात जुने प्रबंध काढले. त्या मुलाने त्याच्याही आधीच्या मुलीचं वाक्य उचललंय. तिने मॅ.चं. मूळ वाक्य मॅ.च्या स्वतःच्या प्रबंधात, अठरा वर्षांपूर्वीच्या. शब्द न् शब्द तेच.
आता तर मेलेच.

९ फेब्रु., सोमवार
सांगितलं. एका दमात, उभ्यानेच.
मॅ.नी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वाक्य कुणाचं?"
"तुमचं, मॅडम."
त्यावर, "हं. तेव्हाही गुरुवार होताच."
एवढंच. ओरडल्या नाहीत. "पेपर परत मागवा, आजच. पत्र तुम्ही लिहा, सही दोघींची." मी दारात पोचल्यावर, "आणि खरं तापमान किती होतं, ते कोण सांगणार आहे?"
जिन्यात रडले. पण चार दिवसांत पहिल्यांदा नीट भूक लागली. जून गेला तर गेला. (म्हणायला काय जातं.)

११ फेब्रु.
काकांकडे वही आहे!!
दर गुरुवारची. लाईट कधी गेली, कधी आली, दर तासाचं तापमान. का लिहिता, विचारलं. "पेटी बिघडली तर माझ्यावर नको यायला. बावीस वर्सं लिवतोय. कुनी मागितलीच न्हाई." माझ्या चारही वर्षांचे गुरुवार आहेत. मी काकांच्या पाया पडायला वाकले, ते दचकून मागे सरले.
मॅ.नी सगळे आकडे पाहिले. "दोन्ही बुरश्या एकाच पेटीत होत्या. तुलना टिकते. वाढीच्या वेगाचा दावा काढा." म्हणजे माझा सर्वात लाडका तक्ता गेला. जाऊ दे. पेपर वाचला! कँटीनमध्ये एका बैठकीत दोन मिसळी.

२४ फेब्रु., मंगळवार
चौदावा खर्डा पाठवला. आता त्यात गुरुवार आहे, तासांसकट. आभारात काकांचं नाव. त्यांनी बोट ठेवून वाचलं, परत वाचलं. "याचा फोटू दे. सुनेला दाखवतो."
मॅ.नी या खर्ड्यावर काहीच लिहिलं नाही. 'बरं'सुद्धा नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

५ मार्च, गुरुवार
संपादकांचं उत्तर आलं. सुधारलेला पेपर परीक्षकांकडे गेलाय. बाकी काही नाही. नाकारला नाही, हेच पुष्कळ. बाबांना कळवलं.
लॅबमध्ये गेले तर लाईट नाही, आणि खिडकीशी स्टुलावर मॅ. गुरुवारी! समोर काकांच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा, शेजारी त्यांचा स्वतःचा प्रबंध उघडा, हातात पेन्सिल.
"अहो शेलार, माझं वर्ष सापडेल का?"
"हाय ना मॅडम. वाळवीनं कडा खाल्ल्यात, पन आकडे हायेत."
मॅ. एकेका ओळीवरून पेन्सिल खाली नेत होत्या. मी दारातच थांबले. वर न बघता म्हणाल्या, "उभ्या काय? दहाचं तापमान घ्या."
घेतलं. सव्वीस. काकांच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात लिहिलं.