वडाचं सूत आणि माझी सही

३ जून २०१४, मंगळवार
धरणाची तपासणी चालू. मातीच्या उतारावर वड, चांगला दांडगा, आणि त्याच्या खाली पायथ्याशी ओल. मुळं भरावात शिरली की पाणी त्यांच्या कडेकडेनं वाट काढतं. झाड मुळांसकट काढा, म्हणालो. तर झाड उद्यानवाल्यांचं. उतार पाणीवाल्यांचा. ओल कुणाचीच नाही! 'धरण सुरक्षित आहे' याच्याखाली सही मात्र माझी, तपासणीच्या इंजिनिअरची. सरकारतर्फे धरणं बघणाऱ्या लिमबाईंना ती महिनाअखेर हवी.

९ जून, सोम.
उद्यानवाल्यांचं उत्तर आलं: झाड निरोगी आहे. अरे, झाडाची तब्येत विचारतोय कोण!
ऑफिसचं झालं थोडं, घरच्यांनी धाडलं घोडं. वैशाली आणि तिच्या इथल्या मरीन परेड भागातल्या मराठी मैत्रिणी वटपौर्णिमेला त्याच वडाला जातात. "जिथे तुझ्यासाठी सात जन्म मागते, तेच झाड तोडायला निघालास?" बायकोला काय सांगणार, आधी हा जन्म तरी निभू दे.
लेकीनं, इरानं, टीव्हीवरची नजर न काढता, इथल्या शाळेतल्या इंग्रजीत निकाल दिला. "बाबा, जस्ट साइन लाह."

१२ जून, गुरु. पौर्णिमा
बायका सकाळी लवकरच जाऊन आल्या. वरच्या वाटेच्या कठड्याचा खांब वडाच्या इतका जवळ की मधून जाता येईना, म्हणून फेऱ्या खांबाच्याही बाहेरून. झाड आणि खांब एकाच सुतात. दुपारी पाहिलं, मधे सूत ढिलं लोंबत होतं. वैतागलो, पण तोडलं नाही. वै.चा उपास, त्यात भांडण नको.

१५ जून, रवि.
दोन दिवस धो धो पाऊस, आज कडक ऊन. वडापाशी गेलो तर सूत ताठ. बोटानं छेडलं तर वाजेल असं. ओलं सूत आखडतं, कबूल, पण हे कोरडं होतं. झाड खाली सरकलं? का कुणी पोरानं ओढून बांधलं?
खाली पाहिलं. धरणाखालच्या मैदानात मुलं खेळत होती, त्यात इरा.

१६ जून, सोम.
लिमबाईंना जागेवर नेलं.
"हे इन्स्ट्रुमेंट कुणाचं?"
"माझ्या बायकोचं."
"कॅलिब्रेट केलंय?"
हसल्या नाहीत. मोजणीवाले पाठवते म्हणाल्या, पण उतारावर खुंट्या ठोकायला उद्यानवाल्यांची परवानगी लागेल. मुळांना धक्का नको म्हणून. मुळांना!
ऑफिसात साहेब: "झाडाबद्दल एक शेरा मार आणि सही करून टाक. तुझा इथला कामाचा पास रिन्यूला आलाय." गोड बोलून.

१८ जून, बुध.
सही केली नाही.
संध्याकाळी नवं सूत घेऊन गेलो. टोक धरायला वै. आली. झाड, खांब, पुन्हा झाड. झाड सरकलं तर कळावं म्हणून सुतावर पेनानं खूण केली.
"पुरुष नाही रे फेऱ्या मारत."
"फेऱ्या नाहीत, मोजणी आहे."
"असू दे. मनात माग काहीतरी."
मागितलं. खालून इरा कंटाळून ओरडत होती, "बाबा, सो लॉन्ग आह?" तिला त्या मैदानातून वर बोलावून घेतलं. बाकीच्या मुलांना काय सांगणार?
आता पाऊस लागलाय. सकाळी आधी सूत बघायचं. साहेबांचा फोन मग.