बेंजो कोण वाजवतंय?

रविवार, ८ जून

चहा उतू गेला तरी चालेल, आधी हे लिहिते. काल संध्याकाळी आमचा अख्खा ऑर्केस्ट्रा गफूरभाईंकडे जमला होता, त्यांच्या रंगीत टीव्हीवर फिल्मी अवॉर्डांचा कार्यक्रम बघायला. अवॉर्ड कुणाला मिळालं, देव जाणे. सगळ्यांचे डोळे मागच्या वादकांवर. ह्यांचे ऑक्टोपॅडवर, गफूरभाईंचे कीबोर्डवर, विलासचे गिटारवर. शेवटच्या नाचाच्या गाण्यात, अंतऱ्याच्या आधी, बेंजो! मी बशी खाली ठेवून ओरडलेच.

विलास म्हणे, "वहिनी, मेंडोलीन हाय ते." गफूरभाई म्हणे, "कीबोर्ड का टोन है भाभी. बटन दबाव, सब बजता." आणि आमचे हे, ऑर्केस्ट्राचे मालक, म्हणे, "बेंजो तिथं कोण नेतंय? तो वरातीत वाजतो." घरच्या माणसाकडून हे ऐकायचं!

बेंजोची चावी दाबली की सुराखाली तिची टक ऐकू येते. ती टक मला कळत नाही? भूकंपाच्या रात्री बाबांनी निलंग्याच्या घरातून आधी आईला बाहेर काढलं, मग भावाला, मग बेंजोला. पुढं वरातीच बंद पडल्या, बाबांची बेंजोपार्टी मोडली आणि वाद्य माझ्याकडे आलं. आता ऑर्केस्ट्रात मीच ते वाजवते. आणि मला सांगतात कीबोर्ड!

पैज लागली. हरणाऱ्यानं सगळ्यांना भजी.

मंगळवार, १० जून

तालमीत गाणी कमी, भांडण जास्त. मजा आली खरं. विलास बँकेतून सुटून थेट येतो, आज टायसकट भांडला. "मेंडोलीन नसंल तर गिटार आसंल. पांढरी गिटार घेऊन माणूस हुबा होता वहिनी, मी बघितलंय." अरे, मीही बघितलंय. पण गिटारीतून बेंजो कसा निघेल?

शेजारच्यांच्या फोनवरून नांदेडला बंडूला, माझ्या भावाला, विचारलं. त्याच्या घरमालकांनी तो कार्यक्रम टेप केलाय! व्हिडिओ कॅसेट एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवतो म्हणाला. आता बघा.

बुधवार, ११ जून

मोठी बातमी. कोचिंग क्लासवाले सर स्वतः घरी आले. लातुरात गल्लोगल्ली क्लास आहेत, पण ह्यांचा बोर्ड पार स्टँडवरून दिसतो. त्यांच्या गुणवंतांचा सत्कार २२ तारखेला. "आपल्याला अवॉर्ड फंक्शन पाहिजे. लायटिंग, धूर, सगळं. केबलवाले शूटिंग करणार अन् मंगळवारी पूर्ण लातूरला दाखवणार." त्यांनीही तोच कार्यक्रम बघितलेला, त्यांना तेच नाचाचं गाणं हवंय. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा. माझाही असणार. आपण टीव्हीवर!

मग सरांची नजर कोपऱ्यातल्या बेंजोकडे गेली. "ते तेवढं स्टेजवर नको हो. वरात वाटंल. नांदेडहून मोठे पाहुणे येऊन राहिलेत."

हे म्हणाले, "बघू सर." ह्यांच्या 'बघू'चा अर्थ मला लग्नापासून ठाऊक आहे. सर गेल्यावर विचारलं, मग मी काय करू? तर म्हणे, "खंजिरी घे ना."

खंजिरी! आजच्या भाकरी करपल्या, त्याला मी जबाबदार नाही.

कॅसेट येऊ दे. अवॉर्डातच बेंजो आहे असं दाखवलं की सरांचं तोंड बंद.

शनिवार, १४ जून

आली! स्टँडवर मीच गेले. कंडक्टरनं पिशवीतून काढून देताना विचारलं, "बाई, कोणता पिच्चर हाय?" म्हटलं, माझा.

भाड्याचा व्हीसीआर, गफूरभाईंची बैठक. थांबव, मागं घे, पुन्हा लाव. पडद्यावर रेघाच रेघा. आणि मग दिसलं. पांढऱ्या गिटारवाल्याची बोटं एकाच जागी, आणि सूर चाललाय वर वर! विलास टीव्हीला नाक लावून बसलेला. म्हणाला, "न्हाई हो, हा वाजवतच न्हाई." गफूरभाई डोळे मिटून ऐकत होते. ती टक आली तसे दोन्ही कान पकडले त्यांनी. "भाभी, बेंजोइच है. माफ करो."

जिंकले! नाचायचीच बाकी होते. विलासनं भजी आणली, वर तळलेल्या मिरच्या.

ह्यांचं भजं मात्र हातात तसंच. मग हळूच म्हणाले, "म्हंजे वाजवणारा मागं कुठंतरी बसला आसंल. दिसत न्हाई, नुसता ऐकू येतो." आणि माझ्याकडे बघून हसले. मी पण आधी हसले. मग काय सुचवतायत ते कळलं. माझी कॅसेट, आणि माझ्याच गळ्यात.

सोमवार, १६ जून

काल दिवसभर अबोला. आज माझी शाळा उघडली, वर्गातल्या पोरांच्या गोंगाटात बरं वाटलं. संध्याकाळी बोलावंच लागलं.

"पडद्यामागं बसायचं. आवाज तर तुझाच जाणार ना पूर्ण लातुरात?"

"आणि तोंड विलासचं?"

"सरांना काय सांगू मग? न्हाई म्हणलं तर ते दुसरी पार्टी आणतेत. सुनंदा, असा चान्स कधी आला होता का आपल्याला?"

नव्हता आला. तेच तर वाईट आहे. सगळ्या ऑर्केस्ट्राच्या वाटेत मी धोंडा व्हायचं का? हो म्हटलं. पण मला राग आलाय आणि तो जाणार नाही, हेही इथे लिहून ठेवते.

गुरुवार, १९ जून

विलासला माझी बोटं शिकवते आहे! म्हणजे बेंजोचा सूर कुठं चढतो, कुठं थांबतो, तिथं त्यानं गिटारवर हात हलवायचे. बिचारा शरमतो. "वहिनी, मला लई कसंतरी वाटून राहिलंय." मग आरशासमोर मान झटकून बघतो आणि आम्ही दोघं पोट धरून हसतो.

पण गाणं काय बसलंय! गफूरभाई आज कीबोर्ड सोडून नुसतेच ऐकत बसले. हेही. ऑक्टोपॅडच्या काठ्या हातात, वाजवायचं विसरले. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

सोमवार, २३ जून

काल झालं. नीट क्रमानं लिहायला हवं.

हॉल गच्च. धूर सोडला तर पुढच्या रांगेतले पालक खोकायला लागले. गुणवंतांच्या गळ्यात हार, सरांच्या गळ्यातही. मी मागच्या निळ्या पडद्याआड, खुर्चीवर, समोर बेंजो. बाजूच्या फटीतून विलासची पाठ दिसायची.

गाणं सुरू झालं. अंतऱ्याआधीची माझी जागा आली. वाजवली. तंतोतंत. विलासचे हातही बरोबर. हॉलमध्ये शिट्ट्या. ठरल्याप्रमाणे तिथं मी थांबायचं होतं, विलासनं हात वर करायचा होता. त्यानं केला. मी थांबले नाही. तीच जागा पुन्हा घेतली, वरच्या सप्तकात. बाबा वरातीत चौक आला की घ्यायचे तशी, फिरवून फिरवून. ह्यांनी क्षणभर ठेका सोडला, मग पकडला आणि असा पकडला की बस!

विलासचा हात हवेत आणि बेंजो चालूच. लोक आधी हसले. मग विलासनं गिटार सोडली आणि सरळ मागं वळून पडद्याकडे बघायला लागला. मग अख्खा हॉलच बघायला लागला. टाळ्या ठेक्यात पडायला लागल्या. तेवढ्यात केबलवाला पोरगा कॅमेरा खांद्यावर घेऊन विंगेतून आत आला, माझ्यापासून हातभर अंतरावर. त्याचा लाल दिवा माझ्यावर. मी मान खाली घातली नाही.

घरी येताना स्कूटरवर ह्यांनी विचारलं, "मुद्दाम केलंस?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच नाही. बोटं उचललीच गेली नाहीत. पण आनंद झाला, तो मुद्दाम झाला.

मंगळवार, २४ जून

संध्याकाळी केबलवर आहे. दुपारीच शेजाऱ्यांकडे सरांचा फोन. फोन ह्यांनी घेतला. सर इतक्या मोठ्यानं बोलत होते की दारात उभी राहूनही मला ऐकू आलं. पाहुण्यांसमोर आपला पोपट झाला, तेवढा पडद्यामागचा भाग केबलवाल्याला कापायला सांगा, नाहीतर पुढच्या वर्षी तुमची पार्टी विसरा. हे "हाव सर, हाव सर" म्हणत राहिले.

फोन ठेवून घरी आले आणि स्कूटरची किल्ली घेतली.

"केबलच्या ऑफिसला जाऊन येतो."

"कापायला सांगायला, की ठेवायला?"

चप्पल घालता घालता थांबले. माझ्याकडे बघितलं. मग दुसरी चप्पलही घातली आणि निघाले. पार गल्लीच्या टोकापर्यंत स्कूटरचा आवाज ऐकला मी.

आता आमच्याकडे पाय ठेवायला जागा नाही. गफूरभाईंनी त्यांचा टीव्ही रिक्षात घालून आणलाय, आमच्या काळ्या-पांढऱ्यावर बघायचा नाही म्हणे. विलास आईला घेऊन आलाय. शाळेतल्या बाई आल्यात. सगळ्यांना वाटतंय मी चहाला आत आलेय. चहा झालाय कधीच.

नेसायला चांगली साडी काढली होती, ती नेसले. उगीच. टीव्हीत तर परवाचीच दिसणार. दिसले तर.

"भाभी, आव! शुरू हो गया!"

हे अजून आले नाहीत.