आठव्या दिवसाची दातखीळ

११ नोव्हेंबर १९५३, खडवली

आले एकदाची! डोंबिवलीच्या फलाटावर माझा थोरला भाऊ अण्णा पैज लावत होता, की ही नर्सबाई आठ दिवसांत घरी परतणार. बघू. स्टेशनवर महिपत बैलगाडी घेऊन उभा होता. माझी ट्रंक, वळकटी आणि बाळंतपणाची पेटी त्यानं अशी जपून चढवली, की जणू आत काचेच्या बांगड्या आहेत. त्याच्याच घरातली पुढची खोली माझी, दवाखानाही तोच. मधे नुसता कुड आहे, पलीकडे कुणी कूस बदलली तरी कळतं. त्याची बायको मालन हसरी आहे, नववा महिना लागलेला. तिनं वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढली. मी तीन खाल्ल्या. ती म्हणाली, बाई, तुम्ही आलात, आता माझं हे राहील. 'हे राहील' म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

१५ नोव्हेंबर

आज कळलं. हेमा म्हणून एक पोर आहे, तिचं सात दिवसांचं बाळ कालपासून पीत नव्हतं. मी गेले तेव्हा त्याच्या तोंडात करंगळीसुद्धा जाईना. ओठ ताणलेले, हसल्यासारखे. कुणी खोकलं की अंग कमानीसारखं वाकायचं. दुपारी गेलं. बायका शांत होत्या. सटवाईनं तोंड बांधलं, म्हणाल्या, आठवा दिवस नेतोच. मालनची दोन अशीच गेली आहेत.

हा धनुर्वात आहे. पुस्तकात वाचला होता. डोळ्यांनी पाहिला नव्हता.

१७ नोव्हेंबर

गावची सुईण तुळसा हिच्याकडे गेले. नाळ कशानं कापता? गवताच्या विळ्यानं. वर काय लावता? शेणाची राख. मी जरा चढ्या आवाजात बोलले, हे खरं. मालनच्या वेळी तुम्ही हात लावायचा नाही, उकळलेल्या कात्रीनं नाळ मीच कापीन, असं सांगून टाकलं. तिनं सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाली, "बाय, तुझ्या नवऱ्यालाबी मीच काढला असता, तुला हितं दिली असती तर." बायका हसल्या. मीही हसले. पण तिचे डोळे हसत नव्हते.

३० नोव्हेंबर

मालनचे दिवस भरले. मला कालपासून चैन नाही. सकाळी भाकरी चावताना जबडा अवघडला. अक्कलदाढ असावी, डावीकडची येतेच आहे. महिपत म्हणतो, मोठी जांभई दिलीत काय? त्याच्या चुलत्याचा जबडा जांभईनं निखळला होता; वैदूनं अंगठ्यांना फडकं गुंडाळून दाढांवर दाबला आणि जागेवर बसवला. मालन म्हणते वारं शिरलं. तिनं एरंडाची पानं गरम करून बांधली. बरं वाटलं. दाढच आहे.

१ डिसेंबर

तोंडात दोन बोटं जात नाहीत. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, लवंगेचं तेल लावलं, शेकलं. मान ताठ. पाणी गिळताना ठसका. आरशात पाहिलं — मी हसत नव्हते, आणि तरी —

शेजारच्या गंगूबाईच्या गोठ्यात पायात काटा मोडला होता. नऊ दिवस झाले. एवढासा. इथे लिहिलाही नाही. मी, जी सगळ्यांचे पाय धुवून औषध लावते.

कल्याणला जायला हवं. आजच. पण मालनची पाठ दुखते आहे, आणि तिनं माझा पदर धरून ठेवलाय. उद्या सकाळी जाईन. दाढही असू शकते.

२ डिसेंबर, सकाळ

दाढ नाही. एक बोटही जात नाही. जीभ आत हलते, शब्द बाहेर येत नाही. गाडीचे हादरे आता सोसणार नाहीत. डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली : जबडा बंद, धनुर्वात, सीरम घेऊन यावे. महिपत कल्याणच्या गाडीला धावला. जाताना दोन्ही दारांकडे बघत होता, कुठल्या दारात थांबू असं.

दार बंद केलं. अंधार हवा, आवाज नको. भांडं पडलं की पाठ उचलते.

दुपार

कळा सुरू झाल्या. कुडापलीकडे मालन. तुळसाला बोलावलंय. दुसरं कोण आहे?

तिला मी शिकवायला हवं होतं. का उकळायचं, का राख नको — बसून, सुपारी खात. मी नुसतं दूर सारलं तिला.

नंतर

उठता आलं. कात्री उकळली. चिठ्ठी लिहिली, मोठ्या अक्षरांत : हीच वापरा, राख नको. तुळसाला दाखवली. तिनं कागद उलटा धरला. कपाळाला लावला. तिला वाटलं मंत्र आहे.

कात्री पुढे केली. तोंडाकडे खूण केली — बोलता येत नाही, एवढंच सांगायचं होतं. ती रडायला लागली. म्हणाली, "नको गं बाय, कात्रीनं दात उचकटले तर मरशील." कात्री तिनं माझ्या उशाखाली घातली. डोक्यावरून हात फिरवला. किती मऊ हात. पाठ कमानीसारखी — किती वेळ कळलं नाही. जीभ चावली.

ती गेली. कमरेला विळा होता.

गाडी आली असेल का? महिपत —

मालन ओरडली. परत. आता शांत.

रडलं. मूल रडलं! चांगलं मोठ्यानं. तुळसा म्हणते मुलगी. नाळ अजून — ती कमरेचा विळा काढून मागते आहे, कुणाला तरी राख आण म्हणते —

कात्री घेतली. कुड धरून उठते. दार चार पावलं. मान वळत नाही, वळायला नकोच, समोरच तर आहे. तीन. पाठ — नको, आत्ता नको, अजून दोन —