भाऊबिजेला आलेला बिननळीचा पंप

तीर्थस्वरूप नाथादादास,

धाकट्या वनमालाचा साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे म्हणून उभ्यानेच घालते, का धरली ते पुढे येईलच). तू, बबितावहिनी, लेकरं आणि मेंढरं सगळी खुशाल असाल. खरं तर मेंढरांचं आधी विचारायला हवं होतं, तुमच्या घरात मान त्यांचा. पण हात चुकला, राग मानू नकोस. इकडे आम्ही बरे आहोत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जीभ ठणठणीत आहे.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतोस, आणि ते मला आहे की मेंढराला, हे मला शेवटपर्यंत कळत नाही. पत्र वहिनी वाचून दाखवेल, म्हणजे सगळं कानावर तरी पडेल. (वहिनी, मोठ्यानं वाच. हा मधेच उठला तर भाकरी वाढू नकोस.)

माझी अंगणवाडी आता लांबच्या वस्तीवर आहे आणि म्हणून मी सायकल घेतली, हे तुला माहीत आहे. त्या वाटेवर बाभळीचे काटे असे की एक दिवसाआड चाक बसतंच. पंक्चर काढायला मी शिकले, पण हवा तोंडानं भरता येत नाही. पंप निवडायचं काम तुझ्या सोमनाथदाजींनी अंगावर घेतलं. मोबाईलवर आठवडाभर बघून बघून एक मागवला. फोटोत तो हातभर लांब दिसत होता, आला तेव्हा लाटण्याएवढा. त्याचं तोंड मोटारसायकलीच्या वॉल्वचं आणि माझी सायकल जुन्या वळणाची, बारीक वॉल्वची, बसता बसेना. तोंड बदलायचा एक बारका तुकडा सोबत आला होता, पण सासूबाईंनी तो कुकरचा समजून कुठंतरी जपून ठेवला. (त्यांनी जपून ठेवलेली वस्तू आजवर कुणाला सापडलेली नाही.) मग दाजींनी गेवराईच्या बाजारातून पायानं दाबायचा पंप आणला. तो इतका हलका की दाजी दाबत गेले तसा पंप पुढे सरकत गेला, दाजी लंगडी घालत त्याच्यामागे, आणि दोघं मिळून गोठ्यापर्यंत गेले. चाक होतं तिथंच सपाट राहिलं.

शेवटी हायवेवर ट्रकांच्या चाकात हवा भरतात तिथून भरून आणली. त्या माणसानं सायकलीलाही ट्रकच समजून भरली. दुपारी सायकल अंगणवाडीच्या भिंतीला उन्हात उभी, आत पोरं हात जोडून जेवणाआधीचा श्लोक म्हणतायत, आणि श्लोक संपायच्या आत चाक असं फुटलं की पोरं खिचडी सोडून उसात पळाली. त्यांना गोळा करता करता माझा जीव गेला. तेव्हा मी तुला फोनवर रडत सांगितलं होतं की दादा, मला बाकी काही नको, एक चांगला पंप हवा. तेवढं मात्र तू ऐकलंस.

तर भाऊबीज. मी सकाळीच अंगण सारवून, रांगोळी काढून, पाट मांडून बसले होते. तुमची धर्मापुरी म्हणजे जिल्ह्याचं ते टोक आणि आम्ही ह्या टोकाला, म्हणून दुपार धरून चालले होते. दुपारी दारात टेम्पो थांबला. उतरला तो तुझ्या शेजारचा हनुमान, आणि त्याच्या काखेत आपल्या आप्पांचा पंप! तोच उभा, लोखंडी, लाकडी मुठीचा, खालच्या पट्टीवर दोन्ही पाय देऊन दाबायचा. "दादानं ओवाळणी धाडली हाय," हनुमान म्हणाला, "मेंढरं टाकून येता येईना म्हनले."

भाऊ नसला तर बाया चंद्राला ओवाळतात. मला धडधाकट भाऊ असून पंपाला ओवाळावं लागलं. ताट रिकामं परत नेऊ नये असं सासूबाई म्हणाल्या, म्हणून पंप पाटावर बसवला, मुठीला कुंकू लावलं आणि ओवाळलं. पंप काही बोलला नाही. तूही पाटावर बसलास की बोलत नाहीसच, त्यामुळे तसा फरक पडला नाही. पण खोटं कशाला बोलू, मला लई वाईट वाटलं. मागच्या दिवाळीलाही तू आला नव्हतास.

ओवाळून झाल्यावर बघते तर पंपाला नळी नाही. मला वाटलं, टेम्पोत पडली. तुला फोन केला तर तू म्हणालास, "पडली न्हाई. म्याच काढून ठिवली. आप्पानं कधी कुनाला दावं दिलं का? जनावर जातं, दावं घरी ऱ्हातं. न्हाईतर घरची बरकत जाती."

"आरं, पंपाला काय शिंगं हायेत का?" मी विचारलं.

"न्हाईत. पर गेला तर आपल्याच घरातून ना?" एवढं बोलून तू "हं, हं" सुरू केलंस.

दादा, मेंढरू विकताना गळ्यातली दोरी आपण ठेवून घेतो, मान्य. पण दोरीवाचून मेंढरू चालतं. नळीवाचून पंप म्हणजे काय, हे तुझ्या दाजींनी सिद्ध करून दाखवलं. आधी त्यांनी शेतातली ठिबकची नळी बसवली. ती पहिल्याच दाबाला सुटली आणि सगळी हवा सासूबाईंच्या सुपातल्या ज्वारीत गेली. भुसा उडाला, दाणे जागेवर. सासूबाई खूश. "ह्ये बेस हाय, रोज असंच पाखडून देत जा," म्हणाल्या आणि पंप स्वतःच्या खाटेखाली ठेवला. त्यांच्याकडून मिनतवारीनं परत घेतला, तर दाजींनी जनावरांच्या डॉक्टरकडून सलाईनची नळी आणली. ती मधेच दुधीसारखी फुगली. मी घाबरून मूठ वर ओढली, ती अडकलेली होती, आणि तिथं माझी पाठ धरली.

तेव्हापासून सायकल हातात धरून पायी जाते. घरी ठेवली तर सासूबाई म्हणतात, "आमी न्हाई का पायी गेलो?" आणि हातात धरून नेली तर शेजारची छबुबाई ओट्यावरून ओरडते, "का गं वनमाला, सायकल चारायला न्हेती का?" तुझ्या बरकतीपायी माझी गावात ही शोभा चालली आहे.

रात्री पडल्या पडल्या एक विचारावंसं वाटतं, ते लिहूनच टाकते. मेंढरू दिलं तर दावं ठेवतोस, पंप दिला तर नळी ठेवतोस. मला ह्या घरी दिलंस तेव्हा माझं काय ठेवून घेतलंस रे? काही ठेवलं असतंस, तर निदान ते बघून माझी आठवण आली असती.

असो. चंपाषष्ठीला ये. खंडोबाचा नैवेद्य आहे, वांग्याचं भरीत आणि रोडगे करते. मेंढरं एक दिवस वहिनी बघेल. नळी घेऊन ये. थोरामोठ्यांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, मेंढरांना जे काय ते.

तुझी (अजून तरी) बहीण,
वनमाला

ता. क. नळी हनुमानच्या टेम्पोत किंवा एसटीच्या कंडक्टरकडे देऊ नकोस. तू स्वतः आणलीस तरच घेईन. दुसऱ्या कुणाच्या हाती आली तर मी त्या नळीलाही ओवाळीन आणि त्याचा फोटो सगळ्या पाहुण्यांना पाठवीन.

आणखी एक ता. क. वहिनी, इथून पुढचं मनात वाच. पंपाची नवी नळी गेवराईत परवाच मिळाली, घट्ट बसते, आणि आप्पांच्या पंपानं दहा दाबात चाक टणक होतं. आता मी सायकलीवरच जाते. हे दादाला कळू देऊ नकोस, नाहीतर तो येणार नाही. तो दारात दिसला की नवी नळी मी पिठाच्या डब्यात लपवणार आहे, आणि तो निघताना त्याचं घोंगडं ठेवून घेणार आहे. दावं आपल्याकडे असलं की जनावर फिरून दाराशी येतं, असं आप्पाच म्हणायचे.