माझ्या आडनावाचा भुंगेरा

४ मार्च
आजपासून कीटकशास्त्र. निर्णय पक्का. काल कीटक मंडळाच्या मीटिंगला सहज डोकावलो. अकरा मेंबर, त्यांत नऊ फुलपाखरूवाले. फुलपाखरू काय, कुणालाही दिसतं! हॉलमध्ये एक काचेचं कपाट आहे. त्यात निवडक संग्रहाच्या पेट्या कायमच्या ठेवतात, खाली संग्राहकाच्या नावाचं छापील कार्ड. मधल्या कप्प्यात सध्या दातांच्या डॉक्टरची पेटी आहे. माणूस दिवसभर लोकांच्या तोंडात बघतो आणि म्हणे कीटकतज्ज्ञ. नोव्हेंबरच्या प्रदर्शनानंतर त्या कप्प्यात माझं नाव असेल. ऑफिसात एकवीस वर्षं झाली, दारावर अजून पाटी नाही. पाटी कशाला, दारच नाही.

५ मार्च
संकल्प: रोज पहाटे साडेचारला उठून रस्त्यावरच्या दिव्यांखाली पडलेले पतंग गोळा करणे. अपवाद नाही.

६ मार्च, सकाळी ८.१०
पतंग पहाटेच मिळतात हा फुलपाखरूवाल्यांनी पसरवलेला गैरसमज असावा.

१९ मार्च
गच्चीवर पांढरी चादर बांधून मागे दिवा लावला. पतंग प्रकाशाला येतात. दोन तासांत आले ते असे: डास, आणि शेजारचे काका. काकांनी विचारलं, सिनेमा कधी सुरू होणार, खुर्ची आणू का. अशा लोकांमुळेच विज्ञान मागे पडतं. हिने विचारलं, चादर कुठली घेतलीत. विषय बदलला.

२ एप्रिल
पेटीत एकूण एकोणतीस नमुने. टाचण्या सरळ रेषेत, चिठ्ठ्यांवर अक्षर मोत्यासारखं. पैकी बावीस नमुने हिला केर काढताना सापडले, पण केर काढणं आणि संशोधन यांत फरक आहे. पेटीत डांबराच्या गोळ्याही हिनेच टाकल्या. वास मारतो.

१३ एप्रिल
ऐतिहासिक दिवस. खिडकीच्या कट्ट्यावर एक भुंगेरा. टाचणीच्या डोक्याहून जरासा मोठा, गोलमटोल, पाठीवर पांढरी-पिवळी-तपकिरी नक्षी. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं. फक्त ‘घरातील उपद्रवी कीटक’ हे प्रकरण वगळलं, ते गृहिणींसाठी आहे. हा भुंगेरा कुठेच नाही. म्हणजे नवीन जात! नाव अर्थात माझं. आडनाव लॅटिनमध्ये कसं दिसेल ते सतरा वेळा लिहून पाहिलं. भारदस्त दिसतं.
ही म्हणाली, की ती लोकरीला लागणारी कीड आहे, माहेरी ट्रंकेत असायची, अंगठ्याने चिरडून टाका. हिला जगातलं सगळंच माहेरी पाहिल्यासारखं वाटतं.

२० एप्रिल
आणखी पाच सापडले, त्याच खिडकीत. एवढी दुर्मीळ जात एका खिडकीत सहा! निसर्गालाही माणसाची पारख असते. सहाही जिवंत पेटीत सोडले, म्हणजे इतर नमुन्यांची सोबत राहील. गोळ्या फेकून दिल्या. ज्यांचा आपल्या संग्रहावर विश्वास नाही त्यांनी गोळ्या वापराव्यात. पेटी कपाटात हिच्या लोकरी कपड्यांमागे ठेवली, तिथे अंधार आहे. तिथल्याही गोळ्या काढल्या. हिला सांगितलं नाही. मोठ्या कामात थोडी गुप्तता लागते.

११ जून
अळ्या! बारीक, केसाळ, तपकिरी, निदान दहा. सरळ पतंग क्रमांक तीनच्या पंखावर बसून जेवतायत. भुंगेऱ्याच्या अळ्या मेलेले पतंग खातात, हे जगात अजून कुणी पाहिलेलं नसणार. पतंग क्रमांक तीन तसाही सामान्यच होता. खाली तपकिरी भुकटी पडली आहे. पुठ्ठा हलका लागला असावा. दुकानदार चोर आहे.

१२ जून
दातांच्या डॉक्टरला फोन केला. जळवण्यासाठीच. त्याने घाईघाईने विचारलं, अळ्या केसाळ आहेत का, भुकटी पडते का, गोळ्या आहेत ना. मग म्हणाला, दवाखाना बंद करून आत्ता येतो, पेटीला हात लावू नका. असले डाव मला कळतात! माझ्या शोधावर स्वतःचं नाव लावायचंय त्याला. फोन ठेवून दिला. नंतर तीनदा वाजला. उचलला नाही.

३० जून
संकल्प: प्रदर्शनापर्यंत पेटी उघडायची नाही. चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली. एका कोपऱ्यात पट्टी संपली. तेवढी हवा हवीच.

८ ऑक्टोबर
घरात कटकट. थंडीआधी ऊन दाखवायला म्हणून हिने तिच्या आईची शाल काढली, तर शालीची चाळणी. आई जाऊन सहा वर्षं झाली, ही शाल तेवढी उरली होती. मी म्हणालो, जुनी लोकर अशीच विरते. हिने विचारलं, गोळ्या कुठे गेल्या. म्हणालो, उडून गेल्या, उडतातच त्या. ही म्हणाली, अख्खी पुडी, कागदासकट? बायकांना रसायनशास्त्रात गती नसते. बराच वेळ शाल मांडीवर घेऊन बसली होती. मी आत जाऊन भाषणाचा मसुदा काढला.

२१ नोव्हेंबर
उद्या प्रदर्शन. भाषण चार पानं. पेटी मुद्दाम उघडली नाही, पहिलं दर्शन सर्वांना एकदमच घडावं. हिला सांगितलंय, पुढच्या रांगेत बसायचं.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळ
पेटी उघडली.
एकोणतीस टाचण्या. सरळ रेषेत. प्रत्येकीखाली चिठ्ठी. चिठ्ठीवर भुकटीचा ढीग. एका टाचणीला एक पाय. आणि मधोमध माझे भुंगेरे, चांगले वीस-बावीस, मजेत फिरतायत.
मंडळाच्या चिटणीसबाईंनी झटकन झाकण लावलं. मेंबरांनी आपापल्या पेट्या उचलून दाराकडे धाव घेतली. दातांचा डॉक्टर हसला नाही. एवढंच म्हणाला, की मी तीनदा फोन केला होता. फुलपाखरूवाले हसले. त्यांना दुसरं येतं काय!
भाषण राहिलं. पण शेवटी चिटणीसबाई स्वतःहून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, तुमची हरकत नसेल तर किडे मारून ही पेटी मंडळाच्या कपाटात कायमची ठेवू. मधल्या कप्प्यात! लगेच हो म्हटलं. पूर्ण नाव दोनदा सांगितलं, आडनाव फोड करून. शेवटी ज्ञान जिंकतं.

२९ नोव्हेंबर
हिला घेऊन हॉलवर गेलो. मधला कप्पा, वर छोटा दिवा. छापील कार्ड आहे. ‘काळजी न घेतल्यास संग्रहाची अशी अवस्था होते. कारण: घरोघरी आढळणारा, लोकर व वाळलेले कीटक खाणारा सामान्य भुंगेरा. नवीन सदस्यांनी अवश्य पाहावे.’ त्याखाली माझं नाव. संपूर्ण. एकही चूक नाही.
मी म्हणालो, छपाई बरी आहे.
ही हसेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. ही हसली नाही. जवळ गेली, कार्ड वाचलं. मग पर्समधून रुमाल काढून काच पुसली, माझ्या नावासमोरची तेवढीच. म्हणाली, चला, उशीर होतोय.
रात्री रोजनिशी घेऊन बसलो. कुणाला नावं ठेवावीत ते सुचत नाही.