आत्या भामटी, भाची पहारेकरी

ती. दादा,

वाकून नमस्कार (कंबर अडली तिथपर्यंतच; उरलेला भेटल्यावर घालीन). गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला का? बुद्धिबळाच्या स्पर्धेसाठी तुझी निवड झाल्याचं त्यांच्याकडूनच कळलं. महिनाअखेरच्या रविवारसाठी तू नवा निळा शर्ट इस्त्री करून घेतलास म्हणे. छान केलंस. तो तसाच हँगरवर राहू दे.

मी ठणठणीत आहे आणि सध्या भामटेगिरी करते. (घाबरू नकोस, पगारी आहे.) मेसेज न करता पत्र लिहितेय, कारण हल्ली मी साधं ‘पोचले’ म्हणून कळवलं तरी घरातले सगळे आधी दचकतात.

सगळं तुझ्या बारकीमुळे झालं (दारातून वाकून आत येते, तरी आपली बारकीच). तिच्या ऑफिसात मोबाइलमध्ये बसवायचा एक पहारेकरी बनवलाय, हे तुला ठाऊक आहेच. फसवा मेसेज आला की त्याच क्षणी वर लाल पट्टी झळकते, ‘थांबा, यात काळंबेरं दिसतंय’, आणि तीही बोट लिंकवर टेकायच्या आत. वाचन सगळं फोनच्या पोटातच होतं, बाहेर कुणाला एक अक्षर कळत नाही. (मागे जेवताना तू तावातावाने विचारलं होतंस, म्हणून सांगितलं.) पण पहारेकऱ्याला चोर ओळखायला शिकवायचं तर आधी चोर हवेत. तिथले इंजिनियर लिहायला बसले की ‘आदरणीय ग्राहक’ यापासून सुरुवात करत. त्याला मांजरही फसलं नसतं. तेव्हा बारकीला आत्या आठवली.

माझी सारी नोकरी दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर गेली. दाढ उपटून घ्यायला हौसेने येतं कोण? मी आणायचे! फोन करून आधी धीर द्यायचा, मग घाई करायची. ‘काळजीचं काही कारण नाही. फक्त आजच या.’ एवढ्यावर धट्टीकट्टी माणसं मुकाट्याने खुर्चीत येऊन आ वासायची. (एक पैलवान आईला घेऊन आला होता, पण आला.) ती विद्या आता कामी आली. मला फिरती खुर्ची मिळाली, टेबल मिळालं, आणि मी लिहीत सुटले. तुमची छत्री आमच्याकडे राहिली आहे, काळजी नको, फक्त आजच इथे दाबून खूण सांगा. पहारेकरी गप्प! ऑफिसच्या मोठ्या बाईंनी स्वतः दाबलं, आणि त्यांची छत्री समोर खुंटीला लटकत होती. मी हवेत होते, दादा. बारकी मात्र माझा प्रत्येक मेसेज घेऊन कोपऱ्यात जायची आणि नखं कुरतडत बसायची.

मग परीक्षा आली. फोन कंपनीची माणसं यायची होती. त्यांना पटलं तर पहारेकरी त्यांच्या सगळ्या ग्राहकांच्या फोनमध्ये जाणार, नाहीतर कपाटात, आणि बारकीची सगळी मेहनत पाण्यात. मी तिला हळूच म्हटलं, उद्या जरा कच्चं लिहू का गं? अशी भडकली! “आत्या, खरा चोर कच्चं लिहिणार आहे का? हात आखडलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही.” (हा ताठा कुणाकडून आला, ते मी सांगायला नको.)

म्हणून जीव ओतून लिहिलं. समोरच्या साहेबांचं पार्सल चुकीच्या पत्त्यावर गेलंय, काळजी नको, वगैरे. पाठवलं, आणि मला एकाच वेळी दोन्ही वाटत होतं, सुटावं आणि पकडलं जावं. टेबलावरचा फोन थरथरला आणि मेसेजबरोबरच लाल पट्टी! साहेब पट्टी बाजूला सारून दाबायलाच निघाले, म्हणे, माझं पार्सल खरंच यायचंय हो! तर पट्टी आणखी मोठी होऊन पुन्हा आडवी आली. दुसरा पाठवला, तिसरा पाठवला, जंग जंग पछाडलं. एक सुटला नाही. बारकीने माझे शब्द पकडलेच नव्हते, माझी चाल पकडली होती. धीर आणि घाई जोडीने आली की समजायचं, आत्या आली. साहेबांनी तिथेच होकार दिला. माझं नाक कापलं गेलं आणि मी उभी राहून टाळ्या वाजवत होते. इतका अभिमान मला आयुष्यात कशाचाच वाटला नाही.

तू त्या दिवशी जेवताना म्हणालास, माणूस शहाणा असला की झालं, असल्या पट्ट्या मूर्खांसाठी. बारकी हसली आणि ताट उचलून आत गेली. नळाशी बराच वेळ उभी होती. तू पाहिलं नाहीस, मी पाहिलं.

तुझी धाकटी (हल्ली भामटी)

ता. क. परीक्षेनंतर मी घरच्यांवरही प्रयोग करून पाहिला. ज्यांनी पहारेकरी बसवलाय, ते सगळे पट्टी पाहून थांबले. एकाच फोनवरून लिंक दाबली गेली, आणि पान उघडेना म्हणून पुन्हा पुन्हा दाबली गेली. ऑफिसच्या पडद्यावर लिंक दाबल्याची नोंद येते, नाव दिसत नाही. बारकीने विचारलं, कोण गं हा? मी म्हटलं, माझाच जुना फोन.

ता. क. २. दादा, बुद्धिबळाची स्पर्धा नाहीये. ‘आपली निवड झाली आहे, काळजी नको, फक्त आजच नाव नक्की करा’ हे मीच लिहिलं होतं.

ता. क. ३. शर्ट मात्र वाया जाणार नाही. त्याच रविवारी पहारेकऱ्याचं उद्घाटन आहे आणि बारकी भाषण करणार आहे. पहिल्या रांगेतली एक खुर्ची तिने कुणासाठी धरलीये, ते ती सांगत नाही. तू तिला फोन कर आणि पहारेकरी कसा बसवायचा, एवढंच विचार. बाकी काही बोलू नकोस. काळजीचं काही कारण नाही. फक्त आजच कर.